'सायकेडेलिक'ला मराठीत काय म्हणावं?

नैराश्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात सायलोसायबिन हे अळंबीतलं द्रव्य 'सायकेडेलिक' म्हणून येतं. मी 'भ्रमकारी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'नशिलं' केलं. दोन्ही खटकतात.

— 'नशिलं' आधी काढा, त्यात औषधाची शक्यताच मरते. सायकेडेलिक हा शब्द 1950च्या दशकात हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञानं घडवला. ग्रीक 'सायकी' म्हणजे मन, 'डेलोस' म्हणजे उघड. त्याआधी या द्रव्यांना 'वेडाची नक्कल करणारी' अशा अर्थाचं नाव होतं आणि ऑस्मंडला नेमकं तेच नको होतं. 'भ्रमकारी' म्हणून आपण पुन्हा तिथेच जातो. 'चित्तप्रकटक' कसा वाटतो?

— अर्थ चोख, पण उच्चारताना जीभ अडखळते. शिवाय एखाद्या स्तोत्रातलं विशेषण वाटतं! मी सरळ 'सायकेडेलिक' ठेवीन. 'भ्रम'बद्दल मात्र सहमत. मानसशास्त्रात निर्वस्तुभ्रम म्हणजे समोर काहीच नसताना दिसणं किंवा ऐकू येणं. सायलोसायबिननं बहुतेकदा समोरचीच वस्तू लहरू लागते, रंग गडद होतात, वेळेचं भान सुटतं. आणि हे औषधामुळे होतंय, याची जाणीव पुष्कळांना असते.

— नुसतं 'अळंबी'ही नको, वाचकाला भाजीतली आठवेल. 'सायलोसायबिनयुक्त अळंबी' म्हणा. तेही फक्त उगम सांगताना, कारण चाचण्यांत सहसा प्रयोगशाळेत बनवलेलं शुद्ध द्रव्य मोजून देतात.

— आभार. आणि 'ट्रीटमेंट-रेझिस्टंट डिप्रेशन'? 'उपचार-प्रतिरोधी नैराश्य' लिहिलंय.

— त्यात नैराश्यच ढाल घेऊन उभं राहतं. 'उपचारांना दाद न देणारं नैराश्य' हे मराठी. क्रियापदही जपा, 'अळंबीनं नैराश्य बरं होतं' असं लिहू नका. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सायलोसायबिनच्या 25 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनंतर तीन आठवड्यांनी लक्षणं 1 मिलिग्रॅमच्या गटापेक्षा अधिक उतरली होती, पण पुढे तो फरक तितका टिकला नाही. मात्रेच्या आधी, दरम्यान आणि नंतर प्रशिक्षित माणसांचा आधारही होता. म्हणून 'लक्षणं उतरली', फार तर 'आराम पडला'. ऑस्ट्रेलियात जुलै 2023पासून अशा नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं, तेही खास अधिकार मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांनाच. तिथे 'परवानगी' लिहा, 'मान्यताप्राप्त औषध' नको.

— मग वाक्य असं करतो: 'सायलोसायबिन या सायकेडेलिक, म्हणजे मनाचे कप्पे उघडणाऱ्या, द्रव्याच्या साहाय्यानं मानसोपचार.'

— 'कप्पे' काढा. नुसतं 'मन उघडणाऱ्या' पुरे.