बीएमआय नॉर्मल, पण पोट सुटलेलं: खरं काय मानायचं?

प्रश्न: पुरुष, उंची १७० सेंमी, वजन ६५ किलो, बीएमआय २२.५. तक्त्यात 'नॉर्मल', पण कंबर ९४ सेंमी भरते. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: कमरेवर. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्यात चरबी किती, स्नायू किती हे कळतच नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधक डॉक्टरांच्या शरीराची तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! तेवढ्याच बीएमआयला भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते, म्हणूनच आपल्यासाठी २३ पासूनच जादा वजन धरतात.

उत्तर: आधी टेप नीट लावलाय का बघा. पँटच्या पट्ट्यावर नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून. पोट आत ओढलं की माप चुकलंच. पुरुषांची कंबर ९०, बायकांची ८० सेंमीच्या आत हवी. ९४ पक्की असेल तर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या.

उत्तर: घरच्या काट्यावरचा चरबीचा टक्का धरून बसू नका, अंगातलं पाणी कमीजास्त झालं तरी तो हलतो.