शेततळ्यावर रात्रभर दिवे लावल्याने माशांची भूक वाढते का?

गोदाकाठ : रात्रभर एलईडी लावले की मेलॅटोनिन (अंधारात मेंदूत तयार होणारे संप्रेरक) घटते, मासे दुप्पट खातात आणि माल लवकर निघतो, असे निफाडच्या सदस्यांनी काल येथे ठामपणे लिहिले, म्हणून हे उत्तर. नॉर्वेत सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर हिवाळ्यात दिवे लावतात, हे खरे. परंतु त्यामागचा एक मोठा हेतू मासे लवकर वयात येऊ नयेत हा असतो, कारण वयात आलेला मासा खाल्लेले अंगी लावण्याऐवजी अंडी व शुक्र यांवर खर्च करतो. शिवाय तिकडे हिवाळ्यात दिवस फार लहान होतो, आपल्या नाशिकला मात्र डिसेंबरातही सुमारे अकरा तास उजेड असतो.

निफाडचे तळे : आपले ज्ञान पुस्तकातले आहे. माझा तिलापिया दिव्याखाली वर येऊन खातो, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

सिन्नर जीवशास्त्र : दिव्यावर किडे जमतात आणि किड्यांसाठी मासे वर येतात, त्यावरून संप्रेरकांचा निष्कर्ष काढू नये. मेलॅटोनिन टोचल्यावर गोल्डफिशने कमी खाल्ल्याचे प्रयोगांत दिसले आहे, एवढे आपल्या बाजूने मान्य करते. मात्र 1999 मध्ये उंदराच्या जठरात सापडलेले, भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक ट्राउट माशात काही प्रयोगांत उलट भूक मारताना आढळले. रोहू-कटल्याला तर जठरच नसते. एका माशाचा नियम दुसऱ्याला कसा लावणार?

ओझर मत्स्यपालक : घ्रेलिन राहू द्या, आधी वीज द्या! शेतीची वीज अवेळी येते आणि पहाटे, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असताना, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) बंद असतो. गेल्या उन्हाळ्यात माझे पंगस मासे सकाळी पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते. अशा माशांपुढे टाकलेले तरंगते खाद्य तसेच राहते आणि निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचाच असतो.

निफाडचे तळे : विषय दिव्यांचा आहे, आपल्या विजेचा नव्हे.

ओझर मत्स्यपालक : दिवे रॉकेलवर लावता काय?

गोदाकाठ : ओझरकरांचा सूर चढला असला तरी मुद्दा रास्त आहे. त्यात थंडीची भर घाला : निफाडला पारा पाच-सहा अंशांखाली उतरतो, तळ्याचे पाणी गारठते आणि पंगस तोंडच उघडत नाही. मेंदूला दिवस भासवला तरी गार पाण्यात पचन मंदच राहणार.

निफाडचे तळे : ठीक आहे, थंडीत दिवे बंद ठेवतो, विद्वानांचे समाधान होऊ द्या. उन्हाळ्यात मात्र शेजारशेजारची दोन तळी, सारखी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) आणि तोलून खाद्य, एकावर दिवा आणि एकावर अंधार, असे करून आकडे येथेच टाकीन.

सिन्नर जीवशास्त्र : दिव्यावर जाळीही बसवा, नाहीतर किड्यांचा हिशेब खाद्यात धरावा लागेल.