मदत हवी आहे : शर्यतीच्या व्हिडिओत स्लो मोशन अडखळतंय, ट्रान्झिशनही बसेना

खटाव तालुक्यातल्या (जि. सातारा) आमच्या गावच्या बैलगाडी शर्यतीचा व्हिडिओ करतोय. दाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिट करायचं सॉफ्टवेअर), फुकटातली आवृत्ती. शूटिंग मोबाईलवर सेकंदाला ६० फ्रेमनं, टाइमलाइन (क्लिप जोडायची पट्टी) २४ ची. नवा प्रोजेक्ट उघडला तेव्हा होती तीच.

फायनलला बैल नेहमीच्या वेगात पळत यावेत, झेंड्यापाशी संथ व्हावेत आणि झेंडा पडला की पुन्हा वेग, असं पाहिजे. वेग २० टक्के केला तर बैलांचे पाय अडखळत पडतात. वर क्लिपची लांबी तेवढीच राहते आणि नेमका झेंडाच बाहेर जातो! समालोचकाचा आवाज रेडा रेकल्यासारखा येतो, तो वेगळाच.

पुढची क्लिप गुलालाची. मध्ये क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटतं ते ट्रान्झिशन) टाकायला गेलं की क्लिप ट्रिम करायला सांगतं. शर्यतीची क्लिप झेंड्यानंतर लगेच संपते, त्यातलं काय कापू? यूट्यूबवरचे धडे बघितले, सगळे लग्नाचे. तिथं कुणी पळत नाही.

प्रतिसाद :
६० फ्रेमचं शूटिंग २४ च्या टाइमलाइनवर ४० टक्क्यांपर्यंतच खरं संथ होतं. तेव्हा प्रत्येक फ्रेम एकदाच दिसते. २० ला प्रत्येक दोनदा, म्हणून पाय अडखळतात. ब्लेडनं (कापायच्या टूलनं) झेंड्याच्या अलीकडं-पलीकडं कापा आणि फक्त मधल्या तुकड्याचा वेग ४० करा. 'चेंज क्लिप स्पीड'च्या खिडकीत रिपलची (पुढच्या क्लिप सरकवून जागा करायची) चौकट असते, तिच्यावर टिक पाहिजेच. नाहीतर क्लिप आहे त्याच जागेत कोंबली जाते आणि शेवटचा भाग जातो.
ऑप्टिकल फ्लो लावून २० वर नेता येतं, कारण तो मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो. पण धुरळा आणि फिरती चाकं असली की चित्र वितळल्यासारखं दिसतं. माझं मत, ४० वरच थांबा.

प्रतिसाद :
डिझॉल्व्हचं असं आहे दादा, दोन्ही क्लिप काही वेळ एकावर एक दिसायच्या तर कटच्या पलीकडं शिल्लक फ्रेम लागतात. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मधोमध ठेवला तर दोन्हीकडं अर्धा-अर्धा सेकंद. गुलालाच्या क्लिपचा सुरुवातीचा थोडा भाग तुम्ही वापरला नसेल, तर ट्रान्झिशन 'एंड ऑन एडिट'ला, म्हणजे कटपाशी संपेल असं ठेवा. मग शिल्लक फक्त गुलालाच्या क्लिपमधली लागते, शर्यतीतलं काहीच कापावं लागत नाही.
आवाजासाठी आधी चित्र-आवाजाची लिंक काढा, मग वेग बदला. पिच करेक्शन (आवाजाची पट्टी मूळचीच ठेवणारं) आहे, पण ४० टक्क्यांवर बोलणं रेंगाळतंच.

धागाकर्ता :
एंड ऑन एडिटनं झालं. गुलालाचे सुरुवातीचे तीन सेकंद पडूनच होते. रिपलनं झेंडाही परत आला. आता समालोचन मूळ वेगात ठेवलं तर झेंडा पडायच्या आधीच समालोचक निकाल सांगून मोकळे होतात. तिथं नुसता पब्लिकचा आरडाओरडा घालू, की समालोचन उशिरानं येईल असं सरकवू?