फ्लॅट लेकीच्या नावे आत्ताच करू की मृत्युपत्रात लिहू?

सांगलीची आजी: वय ७१. हे जाऊन ३ वर्षं झाली. दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावे, लेक नाशिकला. भाचा मागे लागलाय, "मावशी, नंतर सरकार वारसा कर घेईल, आत्ताच बक्षीसपत्र कर." खरंय का?

जुना हिशेबनीस: भाचा चाळीस वर्षं मागे आहे! इस्टेट ड्यूटी, म्हणजे तो वारसा कर, १९८५ मध्येच गेली, गिफ्ट टॅक्स १९९८ मध्ये. लेकीला दिलेल्या भेटीवर तिला प्राप्तिकर नाही. ५० हजारांपर्यंतच भेट करमुक्त, ही मर्यादा परक्यांकडून मिळालेल्या भेटींसाठी.

कऱ्हाडकर: राहतं घर मुलीला देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच, हे खरं. पण आजी, नोंदणी झाली की घर तिचं. आमच्या आत्याने असंच देऊन टाकलं. मग स्वतःच्याच स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवू, हे सुनेला विचारत बसली. द्यायचंच तर हयातभर राहण्याचा हक्क त्यात लिहून घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, २ साक्षीदार हवेत, आणि मन बदललं तर नवं करता येतं.

सांगलीची आजी: मग मृत्युपत्रच. भाच्याला साक्षीदार करते, तेवढं तरी काम करेल.