‘पेपरवेट’ला ‘कागददाब’ म्हणावे काय?

शाहूपुरीकर:
काचेच्या शोभिवंत पेपरवेटांवरील एका लेखाचे भाषांतर करताना मी ‘मिलफिओरी’ या इटालियन शब्दापाशी अडलो आहे. त्याचा अर्थ ‘हजार फुले’. मी ‘सहस्रपुष्पी कागददाब’ असे लिहिले. परंतु ‘कागददाब’ हा शब्द कोल्हापुरात कोणी उच्चारलेला ऐकिवात नाही, असे म्हणून थोरल्या बंधूंनी तो खोडला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना कारकून:
बंधूंचे म्हणणे रास्त आहे. आमच्या कचेरीत ‘पेपरवेट’ किंवा नुसते ‘वजन’ म्हणत. पंखा सुरू झाला की साहेब “अहो, कागदांवर वजन ठेवा” असे म्हणत आणि समोरचा अर्जदार निमूटपणे खिसा चाचपू लागे. म्हणून पुढे आम्ही तो शब्द जपूनच वापरला.

रंकाळाकाठ:
विनोद पुरे. माझे आजोबा गुजरीतील पेढीवर चोपडीच्या पानांवर ठेवायच्या पितळी तुकड्याला ‘दाब’ म्हणत. घरचा शब्द असताना इंग्रजी शब्द कवटाळणे हा निव्वळ आळस आहे.

अळूवडी:
आजोबांचा पितळी तुकडा कामाचा होता. येथे विषय शोभेच्या काचेचा आहे. व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्या याने १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात असे गोळे मांडले, आणि त्याच सुमारास सँ-लुई, बाकारा व क्लिशी या फ्रेंच कारखान्यांनी हे काम अशा थराला नेले की १८४५ ते १८६० हा काळ संग्राहक आजही सुवर्णकाळ मानतात. कृती आपल्या अळूवडीसारखीच आहे: रंगीत काचेच्या कांड्यांची जुडी तापवून लांब ओढायची, तिच्या चकत्या कापायच्या, म्हणजे प्रत्येक चकतीत तेच फूल दिसते, मग त्या मांडून वर पारदर्शक काचेचा घुमट चढवायचा, जो भिंगाचे काम करून फुले मोठी दाखवितो. क्लिशीचा गुलाब किंवा बाकाराच्या एखाद्या चकतीत दडलेले घडणीचे साल शोधणारा संग्राहक त्याखाली वाण्याचे बिलसुद्धा ठेवणार नाही. मग ‘दाब’ कशाचा?

रंकाळाकाठ:
अडकित्ता शोकेसमध्ये ठेवला म्हणून त्याचे नाव बदलत नाही.

जुना कारकून:
तसे असेल तर ‘पेपरवेट’ हे नावही बदलण्याचे कारण उरत नाही.

शाहूपुरीकर:
‘मिलफिओरी’विषयी अद्याप कोणीच बोललेले नाही. तूर्त ‘सहस्रपुष्पी पेपरवेट’ असे लिहून मजकूर पाठवीत आहे.

रंकाळाकाठ:
अर्धे संस्कृत आणि अर्धे इंग्रजी! त्यापेक्षा बंधूंनी सगळेच खोडले असते तर बरे झाले असते.