लॉजिस्टिक्स मॅनेजर निवडायचाय, मुलाखतीत माणूस कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

चाकणला आमचं ऑटो पार्ट्सचं युनिट आहे. होसूर आणि साणंदला नेहमीच्या गाड्या जातात, थोडी निर्यात न्हावा शेवाहून. इतके दिवस डिस्पॅच स्टोअरवालेच बघायचे. आता ते त्यांच्या आवाक्याबाहेर गेलंय, म्हणून लॉजिस्टिक्स मॅनेजर घ्यायचाय. मुलाखती मी आणि आमचे प्लांट हेड घेतोय. दोघंही प्रॉडक्शनवाले, त्यामुळे समोरचा जाणकार की नुसताच बोलबच्चन, हे लवकर कळत नाही.

'ताण कसा हाताळता' छाप प्रश्न सोडून दिले, उत्तरं सगळ्यांची पाठ असतात. त्याऐवजी एक प्रसंग देतो. वाटेत आधीच दोन दिवस खोळंबलेली होसूरची गाडी चित्रदुर्गजवळ बंद पडलीय, ई-वे बिल (मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) आज रात्री बाराला संपतंय, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. काय कराल?

एमबीए झालेल्या एका मुलाने 'रूट कॉज'पासून सुरुवात केली. दुसरे एक गृहस्थ, वाहतूकदाराच्या ऑफिसात बरीच वर्षं काढलेले. त्यांनी आधी आम्हालाच विचारलं, "माल कुठला आणि होसूरला किती तासांचा स्टॉक आहे?" मग म्हणाले, "दुसरी गाडी लावायची, ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, तिचा नंबर टाकायचा. बिलाची मुदत संपायच्या आधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास, तेवढ्यातच ती वाढवून मिळते, तेव्हा ते काम सकाळवर ढकलायचं नाही." मी तिथेच खूश! पण एक्सेलमध्ये भाड्याचा हिशेब मांडायला दिला तर अडखळले, आणि सॅप या कंपनी-सॉफ्टवेअरचं नाव काढलं की विषय बदलतात. प्लांट हेडना मुलगा पसंत आहे, मला हे गृहस्थ.

खरी धास्ती वेगळीच आहे. या कामात गाडीमागे कमिशन खाणं सोपं. 'तुम्ही प्रामाणिक आहात का' विचारलं तर नाही कोण म्हणणार? ओळखीच्या वाहतूकदारांकडे चौकशी करावी, तर त्यांचेच एकमेकांत लागेबांधे. सध्याच्या कंपनीत विचारलं तर बातमी फुटून त्या माणसाची नोकरी धोक्यात.

म्हणून डोक्यात असं आहे की दुसऱ्या फेरीत नावं झाकून जुनी भाड्याची बिलं समोर ठेवायची. त्यातल्या एकात दोन दिवसांचं हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) लावलंय, पण पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, गाडी पोचली त्याच दिवशी माल उतरल्याचा शिक्का आहे. एकात वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) दोनदा. बघू कोणाच्या नजरेत येतं. पण ज्याला ही चोरी पटकन दिसते, तो ती करूनच शिकलेला नसेल कशावरून? ही परीक्षा कोणी घेतलीय का? आणि उमेदवाराला असं दोनेक तास बसवणं रास्त आहे का?

रात्री-अपरात्री फोन येणार, हे आधीच सांगतो. आत्ता सगळेच 'चालेल' म्हणतात. त्यातला खरा कोण, हे ओळखायची युक्ती असेल तर तीही सांगा.

दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे. 'आमच्याकडे एक चांगला मुलगा आहे' असे व्यनि मात्र कृपया नकोत.