परभाषेची शाळा केली, पुढं काय झालं? (अनुभव धागा)

सुपारीफोड (धागाकर्ता)

भाची चोवीस वर्षांची. पुण्यात जर्मनची बी१ पातळी (सहापैकी तिसरी) केलीय, आणि आता नोकरी सोडून सहा महिने जर्मनीतल्याच एका भाषाशाळेत जायचं म्हणतेय. परवा ताईचा फोन आला. "तू पण केलं होतंस ना रे ते जर्मन? काय उपयोग झाला?" मी दोन मिनिटं गप्प. म्हटलं, विचार करून सांगतो.

विचार केला तो असा. १९९३ साली फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सकाळची बॅच धरली. तेव्हा ए१ ते सी२ ही शिडी आलेली नव्हती, ती २००१ची. आमच्याकडे सर्टिफिकेट, डिप्लोमा असा साधा कारभार. पहिल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "त्साइट म्हणताना घाबरू नका, चाकातला च आहे तो, चारातला नव्हे." आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी दोन वेगवेगळे च बोलतो. मग तीन लिंगं आली. वर्गातली हिंदी भाषक मुलं रडकुंडीला, आणि आम्ही खुशाल, कारण तो-ती-ते घरचंच. अर्थात खुशाली फार टिकली नाही. जर्मनमध्ये सूर्य बाई आहे आणि चंद्र बुवा.

नोकरी पिंपरीला लागली, ती याच जोरावर. कारखान्यात जर्मन यंत्रं होती आणि त्यांची जाडजूड माहितीपुस्तकं वाचणारा माणूस हवा होता. दहाएक वर्षं माझी चैन होती. मग पुस्तकं इंग्रजीत यायला लागली. आज माझं जर्मन शेजारच्या कुत्र्याला 'सिट्झ' म्हणण्यापुरतं उरलंय. ते शेफर्ड असूनही बसत नाही.

हे ताईला सांगितलं तर भाचीचं तिकीट रद्दच होईल. म्हणून हा धागा. तुम्ही इथं किंवा परदेशात भाषेची शाळा केली असेल, वर्गात बाहेरच्या देशांतले लोक असतील-नसतील, पुढं काय झालं ते लिहा. पगार किती वाढला हे एका ओळीत चालेल, बाकीचं सविस्तर. फसगत झाली असेल तर तीही लिहा, फक्त संस्थांची नावं नकोत. मला इथं भांडणं नकोत.

---

वऱ्हाडची चिंच

मी अमरावतीची. लग्नानंतर चार वर्षं पुणे, तिथून २०१५ला नवऱ्याच्या नोकरीमागे श्टुटगार्टजवळ. मला भाषेची सक्ती नव्हती, पण घरात बसून भिंती बोलायला लागल्या. म्हणून गावच्या फोल्क्सहोखशूलेत नाव घातलं. ही म्हणजे लोकशाळा. सकाळी जर्मन, संध्याकाळी त्याच खोल्यांत योग आणि स्वयंपाकाचे वर्ग. आमचा कोर्स ६०० तासिकांचा होता.

ते वर्ष कुठलं होतं ते आठवा, निर्वासितांच्या लोंढ्याचं. वर्गात निम्म्याहून जास्त सीरियातले, तीन एरिट्रियाचे, एक तुर्की आजी (तीस वर्षं जर्मनीत राहून पहिल्यांदा वर्गात बसलेली), एक पोलिश नवरा-बायको आणि मी. भूतकाळाचा धडा होता. 'माझ्याकडे होतं' या अर्थाचं 'हाटं' वापरून प्रत्येकानं एक वाक्य करायचं. माझ्या शेजारी अलेप्पोचा एक औषधवाला बसायचा. तो म्हणाला, "माझ्याकडे तीन फ्रिज होते." सगळे हसले. तीन फ्रिज कशाला लागतात एका माणसाला? त्याला दुकान हा शब्द येत नव्हता. इन्सुलिन, लसी असं तो हातांनी दाखवत राहिला. बाईंनी आधी त्याचं अनेकवचन दुरुस्त केलं आणि मग फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत राहिल्या. फळ्यावर काही नव्हतं.

बी२ झाल्यावर मी बालवाडी शिक्षिकेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलं, शिकताना पगारही मिळाला. माझं बी.कॉम. पेटीत आहे.

पण खरं बदललं ते वेगळंच. शाळेत शिकलेलं शुद्ध जर्मन घेऊन मी जिन्यात उतरले तर शेजारच्या आजी बोलतात ते एक अक्षर कळेना. तिकडची बोली श्वाबियन, प्रत्येक नामाला '-ले' जोडणार. घराचं हॉयसले, झाडाचं बॉयमले. मी चाट! अहो, आमच्याकडं 'मले', 'तुले' म्हणते म्हणून पुण्यात ऑफिसात पोरी हसायच्या. मी चार वर्षं घासूनपुसून 'मला', 'तुला' केलं होतं. आणि इथं मोठ्या कंपनीतला साहेबही बिनदिक्कत 'ले' लावून बोलतो, वर कोणी हसलं तर त्यालाच अडाणी समजतो. त्या रात्री आईला फोन लावला आणि पूर्ण वऱ्हाडीत बोलली. आई म्हणे, "काय झालं वं तुले?"

शेजारच्या आजींशी मैत्री केरवोखंमुळे झाली. आपल्या दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आपण पुसायचा, मग पाटी पुढच्या दाराला. वर्गात हा शब्द कोणी शिकवला नव्हता. पहिल्या वेळी मला वाटलं, कोणीतरी चुकून अडकवली, म्हणून मी ती काढून टेबलावर ठेवली. गहजब!

---

तिसरी घंटा

मुंबई, अलियाँस फ्रांसेझ, न्यू मरीन लाइन्सचा थिऑसॉफी हॉल. फ्रेंच विसरले, नवरा तिथलाच. फ्रान्सला अजून गेलो नाही. हप्ते फिटले की जाऊ.

---

बेंटो

सांगली जिल्हा. नाव मुद्दाम घेतलंय, पुढं कळेल.

धागाकर्त्याला फसगत हवी होती, ही घ्या. पुण्यात जपानीचं एन५ (सगळ्यात खालची परीक्षा, वर एन१पर्यंत) झालं आणि एका एजंटानं सांगितलं, तोक्योत भाषाशाळेत जा, शिकत शिकत कमव, दोन वर्षांत कर्ज फेडून वर नोकरी. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. एजंटानं जे नाही सांगितलं ते विमानतळावरच कळलं: विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही. शाळेला सुट्टी पडली तरच दिवसाचे आठ तास. २८ तासांत फी, खोलीभाडं, पोट आणि सांगलीचा हप्ता बसत नाही. हे गणित एजंटाला येत होतं, मला येत नव्हतं.

शाळा दुपारी अर्धा दिवस. रात्री डबे, म्हणजे बेंटो, भरायच्या कारखान्यात. पट्ट्यावरून भाताचे डबे सरकत येतात आणि आपण प्रत्येकाच्या मधोमध एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, दाबायचं. चार तास. शेजारी नेपाळी पोरगा, पलीकडं व्हिएतनामी पोरगी, आणि तिघांची एकच सामाईक भाषा, ती म्हणजे आमचं मोडकं जपानी. शाळेत बाई जे शिकवायच्या ते वर्गात झोपेत जायचं आणि रात्री पट्ट्यावर पाठ व्हायचं. त्या व्हिएतनामी पोरीचे क्रियापदांचे हेल अजून माझ्या बोलण्यात आहेत, जपानी लोक ओळखतात आणि हसतात.

आपल्याला एक फायदा असतो तो मात्र मान्य करायला हवा. वाक्यरचना आपलीच. 'मी भात खातो' मधले शब्द जागेवरून हलवायचे नाहीत, कर्त्याला, कर्माला प्रत्यय लागतो तसे वा आणि ओ लावायचे. चिनी पोरांना कांजी सोपी जायची, वाक्यं आम्हाला.

एन३वर गाडी अडली, कर्ज अर्धं राहिलं, परत आलो. घरी दोन महिने कोणाला तोंड दाखवलं नाही. मग चाकणच्या एका कंपनीत दुभाषा लागलो, हंगामी. पहिल्याच बैठकीत जपानी साहेब आमच्या लोकांच्या प्रस्तावावर म्हणाले, "केन्तो शिमासु." पुस्तकी अर्थ, विचार करतो. आमचे मॅनेजर खूष. मी शब्दशः सांगून मोकळा होऊ शकलो असतो. पण डब्याच्या कारखान्यात सुट्टी मागितल्यावर मुकादम हेच म्हणायचा, आणि ती सुट्टी कधीच मिळायची नाही. मी मॅनेजरना हळूच म्हणालो, "सर, हे आपलं 'बघू' आहे." त्यांना लगेच उमगलं. दुसरा प्रस्ताव तयार केला. पुढच्या महिन्यात मी कायम.

कर्ज फिटलंय. एजंटाचं दुकान चालूच आहे. पोरांनो, जायचं तर जा, पण २८ने गुणाकार करून जा.

---

सुपारीफोड

बेंटो, तुमचा प्रतिसाद भाचीला जसाच्या तसा पाठवलाय. 'बघू' भारी!

---

उगवती

फोंड्याची मी. घरात मराठी, बाहेर कोंकणी. आमच्या आजोंनी पोर्तुगीजांच्या काळात 'सेगुंद ग्राव' (प्राथमिक शाळेची परीक्षा) पास केलेलं, आणि १९६१ नंतर त्या भाषेचा एक शब्द तोंडातून काढला नाही. कारणं होती, ती इथं नको. म्हणून मी पणजीला पोर्तुगीजचा वर्ग लावला तेव्हा घरी सांगितलंच नाही. संगणकाचा क्लास म्हणाले.

भांडं फुटलं ते पावावरून. मी माडीवर घोकत होते, 'मला पाव हवा.' खाली झोपाळ्यावरून आजोंचा आवाज आला, "तू लाकूड मागतेस. पाव नाकातून म्हण." साठ वर्षांच्या जवळपास मिटलेलं तोंड उघडलं ते माझी चूक न सोसवल्यामुळे! मग रोज संध्याकाळी शिकवणी. चावी, पगार, लिलाव, घमेलं, बिजागरी, आपण रोज वापरतो ते किती शब्द त्यांचे आहेत, हे आजो बोटांवर मोजून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "हे ठेवून घेतले. बाकीचे गेले ते बरं झालं."

माझं आज पोट याच भाषेवर आहे. गोव्यात जमिनीचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, वारसाहक्काच्या कायद्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज संहितेत. वकिलांकडून कागद येतात, मी भाषांतर करते. शाई कागदातून आरपार उतरलेली असते, पानाची एक बाजू वाचताना दुसरी मध्ये मध्ये डोकावते. चतुःसीमा लिहिताना पूर्वेला ते म्हणतात नासेन्त, पश्चिमेला पोएन्त. शब्दशः उगवती आणि मावळती. सुरुवातीला मी शहाणपणानं 'पूर्व-पश्चिम' सांगायची. एकदा एक म्हातारे कूळ म्हणाले, "बाय, आम्ही उगवतीकडचं कुळागरच म्हणतो." (कुळागर म्हणजे आमच्याकडची पोफळीची बाग.) तेव्हापासून अशिलाला समजावताना मी तेच शब्द वापरते. या धाग्यावरचं नावही तिथूनच.

एकदा आमच्याच घराण्याचा दस्त हाती आला. सगळा मजकूर वळणदार पोर्तुगीजमध्ये आणि खाली पणजोबांची सही मोडीत. काय लिहिलंय हे त्यांना कोणी वाचून दाखवलं होतं का, माहीत नाही. त्यात विहीर दुसऱ्याची म्हणून नोंदलेली आहे. आम्ही ती पिढ्यानपिढ्या आपली समजतो. घरी अजून सांगितलेलं नाही.

---

कोरा कागद

उगवती, विहिरीचं काय करणार?

---

उगवती

केन्तो शिमासु.

---

सहावी विभक्ती

मोबाइलवर टंकतोय, चुका सांभाळा. वय ५७.

१९८७ला सोव्हिएत शिष्यवृत्तीवर खारकोवला, म्हणजे आताच्या युक्रेनमध्ये, इंजिनिअरिंगला गेलो. पहिलं वर्ष फक्त रशियन भाषा. आठ जणांचा वर्ग: क्यूबा, व्हिएतनाम, अंगोला, इथिओपिया आणि आम्ही दोन भारतीय, बाकीचे आठवत नाहीत. बाईंना इंग्रजी येत नव्हतं किंवा येत नाही असं त्यांनी वर्षभर निभावलं. पेन्सिल दातांत धरायला लावून एक स्वर काढून घ्यायच्या, तो आपल्या बाराखडीत नाही. विभक्त्या सहा. मी म्हटलं, आमच्याकडे आठ आहेत, तर त्यांनी मला फळ्याशी बोलावून मराठीच्या आठही सांगायला लावल्या. प्रथमा ते संबोधन! अंगोलाच्या मित्रानं टाळ्या वाजवल्या.

सोव्हिएत युनियननं प्रवेश दिला, पदवी मिळाली तेव्हा तो देश नव्हता. १९९३ला परत आलो. कागदावर युक्रेन, आणि मुंबईत मुलाखतीला गेलं की "हे कुठं आलं?" पुढं औषध निर्यातीच्या कंपनीत गेलो ते रशियन येत होतं म्हणून. इंजिनिअरिंग बाजूला पडलं.

बाईंशी पत्रं, मग फोन चालू होते. २०२२च्या मार्चमध्ये लागला फोन. त्या तळघरात होत्या. मी घाईघाईत काहीतरी बोललो, घसा दाटला होता. त्यांनी आधी माझी विभक्ती दुरुस्त केली. मग म्हणाल्या, आम्ही आता घरात युक्रेनियन बोलायचं ठरवलंय, तुझ्याशी मात्र हेच बोलते, तुला दुसरं येत नाही ना.

मी आता मोबाइलवर युक्रेनियन शिकतोय. त्यात सातवी विभक्ती आहे, संबोधनाची. हाक मारायची.

---

सुपारीफोड

सगळ्यांचे आभार, धागा चालू ठेवा. ताईनं वाचला. तिनं माझ्या जर्मनबद्दल परत काही विचारलं नाही, एवढं बरं झालं. भाचीचा मात्र निरोप आलाय, जसाच्या तसा देतो: "मामा, वऱ्हाडच्या ताईंना विचार ना, जिना पुसायचा म्हणजे आपल्या मजल्याचाच की खालपर्यंत?"